जुने जर्मन लष्करी रिसीव्हर दुरुस्त करताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रेडिओ रिसीव्हर मुका झाला की अनेकांचा हात आधी ट्रिमरकडे, म्हणजे ट्यूनिंग जुळवण्याच्या छोट्या स्क्रूंकडे, जातो. माझ्या मते संचाचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. या संचांची कॉइल्स बहुधा सिरॅमिकच्या साच्यावर असतात आणि तापमानाने होणारा फरक एकमेकांना छेदेल असे कपॅसिटर निवडलेले असतात. त्यामुळे ट्यूनिंग दशकानुदशकं जागेवर राहतं. बिघडतो तो वीजपुरवठा, बिघडतात ते कागदी कपॅसिटर आणि काळवंडलेले संपर्क. ट्रिमर सर्वांत शेवटी, तोही सिग्नल जनरेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं उपकरण) असेल तरच.

पायदळाच्या पाठीवरचा ‘टॉर्न ई बी’ घ्या. ९६.६ ते ७०९५ किलोहर्ट्झ, आठ बँड आणि चारही व्हॉल्व्ह (काचेच्या रेडिओ नळ्या) एकाच जातीचे: आरव्ही२पी८००. फिलामेंटला (व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेला) लागतात १.९ व्होल्ट, अ‍ॅनोडला (व्हॉल्व्हच्या पॉझिटिव्ह पत्र्याला) ९०. दोन साधे सेल जोडून ३ व्होल्ट दिले की फिलामेंट गेलंच म्हणून समजा, आणि असा व्हॉल्व्ह आज सहज मिळत नाही. रिचार्जेबल सेलची जोडीही नुकती चार्ज केलेली असताना जास्तच व्होल्टेज देते. संच चालू ठेवून, फिलामेंटच्या पिनांवरच मोजा.

चारही व्हॉल्व्ह सारखे असल्याचा फायदा उठवायला मात्र लोक विसरतात. रिअ‍ॅक्शन (सिग्नलचा काही भाग परत आत देऊन तो वाढवणं) धरत नसेल तर व्हॉल्व्हच्या जागा आपसांत बदलून पाहा. डिटेक्टरच्या (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या टप्प्याच्या) जागी रुसलेला व्हॉल्व्ह आरएफ स्टेजला (अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याला) कधी कधी निमूट काम करतो. एकाच बँडवर रिअ‍ॅक्शन येत नसेल तर दोष त्या बँडच्या कॉइलमध्ये किंवा फिरत्या कॉइल-ड्रमच्या संपर्कांत. सगळ्याच बँडवर येत नसेल तर अ‍ॅनोड व्होल्टेज, डिटेक्टर आणि त्याच्या भोवतालचे कपॅसिटर तपासा. संपर्कांवर पॉलिश पेपर घासू नका, वरचा मुलामा निघून जातो. अल्कोहोल लावलेलं कापड पुरतं.

काही ‘दोष’ तर दोष नसतातच. ‘टॉर्न ई बी’ हा सुपरहेट (आलेला सिग्नल आधी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणणारा रिसीव्हर) नव्हे, त्यामुळे वरच्या बँडवर त्याची निवडक्षमता ढिली पडते. रात्री ७००० किलोहर्ट्झच्या आसपास हॅम (हौशी रेडिओवाले) ऐकायला बसलात की ७२०० च्या वरची दणदणीत ब्रॉडकास्ट स्टेशनं आत घुसणारच. लांब अँटेना जोडून ते आणखी वाढवून ठेवू नका. बोलणं ऐकायचं तर रिअ‍ॅक्शन ऑसिलेशनच्या (संच स्वतःच शिट्टी मारू लागण्याच्या) अगदी अलीकडे, मोर्स ऐकायचा तर किंचित पलीकडे. आणि हेडफोन हजारो ओहमचा हवा. मोबाइलचा ३२ ओहमवाला थेट लावून ‘संच मेलाय’ असा निकाल देणारे बरेच भेटतात.

टेलिफुंकनचा ‘क्योल्न’ ई ५२ हे वेगळंच प्रकरण. १.५ ते २५ मेगाहर्ट्झ, १ मेगाहर्ट्झची आयएफ (सुपरहेटमधली ती ठरावीक मधली फ्रिक्वेन्सी), क्रिस्टल फिल्टर आणि काचेवरची फ्रिक्वेन्सी पडद्यावर फेकणारी डायल. बल्ब गेला तर डायल अंधारी होते, रिसीव्हर चालूच राहतो. तेवढ्यासाठी पूर्ण संच उघडायला नको. यातले आरव्ही१२पी२००० व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये डोकं खाली घालून बसतात. पक्कडीने ओढले की काच तडकते. बुडाच्या आट्यांत मूठ फिरवून सरळ वर काढायचे. २४ व्होल्टवर चालणाऱ्या विमानातल्या संचांत हेच व्हॉल्व्ह जोडीने सिरीजमध्ये असतात, म्हणून दोन थंड दिसले तरी मेलेला एकच असू शकतो.

वर्षानुवर्षं पडून असलेला संच थेट मेन्सला लावू नका. सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन्सच्या वाटेत एक साधा बल्ब जोडून, सुरू करा. मेन्स आता २३० व्होल्ट आहे, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज निवडायची जोडणी) २२० वर असेल तर हीटरचं (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं) व्होल्टेज मोजून घ्या. कपलिंग कपॅसिटर (एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याला देणारा) गळका आहे का हे ओळखणं सोपं: पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर तो बदला. धातूच्या डब्यातले तेवढे जुने म्हणून सरसकट उपटू नका, मोजून ठरवा.

जस्ताच्या ओतीव भागांना बारीक भेगा आणि फुगवटा दिसला तर ती जस्ताची कीड, मिश्रधातूतल्या अशुद्धीमुळे होणारी. तिला औषध नाही, स्क्रू आवळलात तर तुकडे हातात येतील. काही विमानी उपकरणांच्या डायलवर रेडियमचा रंग असतो. तो खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका.