जुन्या ९११ ला नव्या मॉडेलचा बम्पर लावताय? या चुका टाळा

पोर्शे ९११ ची ९९७ पिढी २००४ साली आली आणि २००८ मध्ये तिचं रूप पालटलं. आधीच्या गाडीला शौकीन मंडळी ९९७.१ म्हणतात, नंतरच्या गाडीला ९९७.२. नंतरच्या बम्परला हवेची मोठी तोंडं आणि एलईडी दिव्यांच्या पट्ट्या आहेत. तो देखणा आहे यात वादच नाही, म्हणून जुन्या गाडीला तो लावायची हौस ठाण्यात काय आणि वाशीत काय, अनेकांना होते. बम्पर बसतोही. काम बिघडतं ते त्याच्या मागे काय आहे हे न बघितल्यामुळे.

नुसता बम्पर विकत घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ९११ चं इंजिन मागे, पण रेडिएटर पुढे, दोन्ही चाकांच्या पुढ्यात एकेक. एसीचे कंडेन्सर त्या रेडिएटरच्याही पुढे. बम्परच्या तोंडातून शिरलेली हवा प्लास्टिकच्या डक्टमधून थेट तिथवर गेली पाहिजे. तोंडाचा आकार बदलला की जुना डक्ट त्याला घट्ट टेकत नाही आणि हवा फटीतून इकडेतिकडे निसटते. पाम बीच रोडवर वेगात असताना हे कळणारही नाही. मे महिन्यात घोडबंदर रोडला माजिवड्याच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकलात की आधी एसी मंद होईल, मग तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकेल.

म्हणून बम्परसोबत डक्ट, जाळ्या, दिवे, दिव्यांचे ब्रॅकेट, कपलर (वायर जोडायचे प्लग) आणि खालची काळी लवचीक पट्टी, सगळं एकाच मॉडेलचं मागा. विकणारा ‘डक्ट जुनाच चालतो’ म्हणाला तर तो लावून दाखवायला सांगा.

बम्पर उतरलाच आहे तर दोन कामं तिथल्या तिथे उरकून घ्या. कंडेन्सरपुढे साचलेला पालापाचोळा हाताने काढा. तो ओला राहून ॲल्युमिनियम खातो. दुसरं म्हणजे पंखे. एसी चालू केल्यावर दोन्ही बाजूंचे पंखे मंद वेगाने फिरायला हवेत. फिरत नसतील तर बहुतेक वेळा त्यांचा वेग मंद ठेवणारा रेझिस्टर गेलेला असतो. या गाड्यांचं ते जुनं दुखणं आहे. तो बदलायला बम्पर काढावाच लागतो, म्हणजे आत्ता टाळलंत तर मजुरी दोनदा. सगळं बसवून झाल्यावर एसी चालू ठेवून दोन्ही तोंडांपाशी कागदाची पातळ पट्टी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे.

आधी रंग, मग फिटिंग

वागळे इस्टेट असो की तुर्भे, कामाची घाई असलेला पेंटर बम्पर आला की थेट रंगाच्या बूथमध्ये नेतो. त्याला थांबवा. आधी कोरा बम्पर गाडीवर चढवा, सगळे स्क्रू नुसते हाताने फिरवा, हेडलाइटच्या कडेपासून गॅप जुळवत चाकाच्या कमानीकडे या आणि मगच आवळा. हेडलाइटपाशी गॅप अगदीच कमी ठेवू नका. प्लास्टिक उन्हात पत्र्यापेक्षा जास्त फुगतं, कडा घासते आणि रंगाचे टवके उडतात.

बम्परच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) असेल तर त्यावर ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाची पकड वाढवणारं द्रव्य, मारल्याशिवाय प्रायमर टिकत नाही. फायबरची नक्कल असेल तर ती किंमत कमी असली तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लांबी (पुट्टी) भरभरून आकार आणावा लागतो आणि पहिल्या मोठ्या स्पीडब्रेकरला ती तडकते. आणि बम्पर आतल्या बारला अडतो म्हणून बार कापायचं कुणी सुचवलं, तर गाडी तिथून सरळ परत आणा. तो बार अपघातात तुम्हाला वाचवायला आहे.

इंडिकेटर भराभर लुकलुकतोय?

जुन्या गाडीला २१ वॅटच्या बल्बची सवय असते. एलईडी फारच कमी करंट घेतो, त्यामुळे गाडीला बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि इंडिकेटर भराभर लुकलुकतो. तयार अडॅप्टर हार्नेस (वायरिंगचा जोड) घेणं उत्तम. जादा करंट खेचण्यासाठी रेझिस्टर लावणारच असाल तर तो धातूवर बसवा. हात भाजेल इतका तो तापतो आणि प्लास्टिकला चिकटवला तर नवाकोरा बम्पर आतून वितळेल. कपलर काढण्याआधी बॅटरीची वायर सोडवायला विसरू नका.

नंबर प्लेट

युरोपातून आलेल्या बम्परवरची जागा ५२० बाय ११० मिलिमीटरच्या प्लेटची असते. आपली लांबट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) ५०० बाय १२० ची. बेस प्लेट आधीच करून घ्या. एचएसआरपी गाडीला पक्की बसवणारं स्नॅप लॉक एकदा तोडलं की पुन्हा वापरता येत नाही, तेव्हा जुना बम्पर उतरवण्याआधीच नव्या लॉकची अधिकृत सोय बघा. बदल झाल्यावर बिल आणि फोटो जोडून विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर पुढे क्लेमच्या वेळी सर्व्हेयर याच बम्परवर बोट ठेवू शकतो.