ट्यूनर अपडेट करायचाय? आधी गाडी स्टॉकवर आणा

अमेरिकेत येऊन पहिला जुना पिकअप घेतलेली आपली पोरं मला एकच प्रश्न विचारतात: "दादा, ट्यूनर अपडेट मागतोय, करू का?" करा. पण आज रात्री नको. ट्यूनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणारा हातातला डबा, आणि ते बदललेलं सॉफ्टवेअर म्हणजे ट्यून.

मी मिशिगनमध्ये इंजिन कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरमधले आकडे बसवण्याच्या कामात आहे. या क्षेत्रात यायचं असेल तर घरच्या ट्रकवर हातातला ट्यूनर वापरून शिकणं वाईट नाही, मीही बरंचसं तसंच शिकलो. फक्त ज्या कामाला आम्ही ऑफिसात स्थिर पॉवर सप्लाय लावून, फाइलचं नाव दोनदा वाचून हात घालतो, तेच काम लोक रात्री अकराला पार्किंग लॉटमध्ये गाणी लावून करतात, ते बघवत नाही.

अपडेट दोन असतात. एक ट्यूनरचं स्वतःचं, लॅपटॉपला यूएसबीने जोडून. दुसरं ओबीडी पोर्टमधून (डॅशबोर्डखालचं तपासणीचं सॉकेट) गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, ट्यून लिहिणं. पहिल्यात गाडी जोडलेलीच नसते, म्हणून लोक बिनधास्त असतात. माझं घोडं तिथेच अडलं होतं, म्हणून हे जरा लांबण लावून सांगतो.

पहिल्यांदा ट्यून टाकता तेव्हा ट्यूनर आधी ईसीयूतलं कंपनीचं मूळ कॅलिब्रेशन वाचून स्वतःच्या पोटात ठेवतो. ही स्टॉक फाइल; ती परत लिहिणं म्हणजे गाडी स्टॉकवर आणणं. त्याच वेळी तो तुमच्या गाडीच्या व्हीआयएनशी (गाडीचा ओळख क्रमांक) बांधला जातो. म्हणजे गाडीत बदललेलं सॉफ्टवेअर आणि मूळ प्रत त्या हातातल्या डब्यात. आता मधेच डीलरने ईसीयू रीप्रोग्राम केला तर? गाडी छान चालते, काही कळत नाही. पण ट्यूनरच्या लेखी गाडीत अजून त्याचाच ट्यून आहे आणि त्याच्याकडची स्टॉक फाइल आता जुनी झालेली आहे.

माझी गाडी सर्व्हिसला गेली तेव्हा नेमकं हेच झालं. न विचारता रीप्रोग्राम केलं, बिलावर खाली बारीक अक्षरात एक ओळ. घरी येऊन मी ट्यूनर अपडेट केला, गाडीला लावला, तर स्क्रीनवर कॅलिब्रेशन जुळत नाही असा संदेश. ना पुढे जाता येईना, ना मागे. शेवटी ट्यूनर कंपनीच्या सपोर्टने लॅपटॉपवरून डबा मोकळा करून दिला, तोवर फोनवर नुसतं ताटकळणं.

माझ्या ट्यूनरने नकार दिला हे एका अर्थी बरंच झालं. एखादा जुनी फाइल निमूट लिहूनही टाकेल. २०१९ मध्ये फोर्डने २०११ ते २०१३ चे एफ-१५० रिकॉल केले होते. त्यांचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालत्या गाडीत अचानक पहिल्या गिअरवर येऊ शकत होता. त्यावरचा उपाय म्हणजे पीसीएमचं, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं, नवं सॉफ्टवेअर. अशा गाडीवर रिकॉलच्या आधीची स्टॉक फाइल परत लिहिली गेली तर दुरुस्तीच पुसली जाते.

म्हणून डीलरकडे जाण्याआधी गाडी स्टॉकवर आणा, मग ट्यूनरला हात लावू नका. गाडी परत आली की साध्या स्कॅनरवर मोड ०९ उघडा. तिथे व्हीआयएन, कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचं नाव) आणि सीव्हीएन (ते बदललेलं नाही ना हे पडताळायचा आकडा) दिसतात. जाण्याआधीचा आणि आल्यानंतरचा असे दोन फोटो ठेवा. आयडी बदललेला असेल तर ट्यूनर आधी लॅपटॉपवर अपडेट करा, कारण नव्या कॅलिब्रेशनसाठीचा ट्यून त्या अपडेटमध्येच येतो. मग त्याला नवी स्टॉक फाइल वाचू द्या. नव्या गाड्यांत वायरलेस अपडेटही येतात, तेव्हा डीलरकडे गेलो नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आणि डीलरचं काही नसलं, नुसतं ट्यूनरचं अपडेट असलं, तरी गाडी स्टॉकवर आणूनच लॅपटॉप उघडा.

आता व्होल्टेज. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इग्निशन ऑन, इंजिन बंद, की आकडा घसरायला लागतो. मिशिगनच्या जानेवारीत तर विचारूच नका. एक-दोन अँपिअरचा ट्रिकल चार्जर हा भार पेलत नाही, स्थिर पॉवर सप्लाय लावा. दिवे, ब्लोअर, रेडिओ बंद. बाहेरून बसवलेला रिमोट स्टार्ट किंवा अँप्लिफायर असेल तर त्याचा फ्यूज काढा.

फ्लॅश, म्हणजे ईसीयूत लिहिणं, चालू असताना डॅशबोर्डवर दिवे लुकलुकतात, काटे खाली पडतात, कधी पंखा फुल स्पीडने सुटतो. घाबरून केबल ओढू नका, ते सगळं अपेक्षित आहे. फ्लॅश मधेच तुटला तरी बहुतेक वेळा गाडी मेलेली नसते. ईसीयूतला बूटलोडर, म्हणजे नवं सॉफ्टवेअर आत घेणारा छोटा प्रोग्राम, सहसा शाबूत राहतो आणि ट्यूनर पुन्हा लिहू शकतो. स्क्रीन सांगेल तेव्हाच चावी फिरवा, आधी नाही.

गुरूबद्दल माझं एक ठाम मत आहे. तुमचा प्रश्न ऐकून जो आधी व्होल्टेज आणि कॅलिब्रेशन आयडी विचारतो, त्याचं ऐका. हॉर्सपॉवर विचारणारे खूप भेटतील. फुकटात मिळालेल्या ट्यून फाइलींबद्दल तर बोलायलाच नको. आणि डीपीएफ, ईजीआर (धुरातलं प्रदूषण कमी करणारे भाग) काढून टाकणारा डिलीट ट्यून कोणी देत असेल तर सरळ नाही म्हणा. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नसली तरी क्लीन एअर ॲक्ट इथेही लागू आहे. कॅलिफोर्नियात तर जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये बदललेलं सॉफ्टवेअरही पकडतात. तिकडे जायचं असेल तर कार्बचा (CARB, कॅलिफोर्नियाचं हवा-प्रदूषण मंडळ) ईओ नंबर, म्हणजे त्यांच्या मंजुरीचा क्रमांक, असलेलाच ट्यून घ्या.

सगळं नीट पार पडलं तरी सुरुवातीला गिअर थोडे झटके देतील, कारण ट्रान्समिशनने शिकलेलं पुसलेलं असतं. चालवत राहा, जमतं. ट्रेलर मात्र तोवर जोडू नका.