पहिली गाडी: फेअरिंगवाली की उघडी?

परभणीत माझ्या गॅरेजवर पोरं यामाहाच्या आर१५चा फोटो दाखवतच येतात. ही फेअरिंगवाली, म्हणजे पुढून-बाजूनं प्लॅस्टिकचं कवच असलेली. मी म्हणतो, आधी यामाहाचीच उघडी, बिनकवचाची एमटी-१५ आहे, तिच्यावर बसून बघा. इंजिन तेच, १५५ सीसीचं. शिकाऊ माणूस गाडी पाडतो ती बहुतेक यू-टर्न घेताना, उभ्या-उभ्या. उघड्या गाडीचा लिव्हर नाहीतर इंडिकेटर जातो. फेअरिंगवालीचं अख्खं पॅनल तडकतं, आणि साध्या विम्यात प्लॅस्टिकचे निम्मेच पैसे मिळतात. तीच हवी असेल तर झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारा विमा, घ्याच.

फेअरिंग वारा अडवतं, खरंय. पण जिंतूर रोडला उसाच्या ट्रॅक्टरमागं कसला आलाय वारा?

शोरूममध्ये हँडल पूर्ण वळवून बघा, अंगठा टाकीला चेपतो का. मनगटावर भार येतो का, तेही बघा. रोज हायवेनं नांदेड गाठायचं असेल, तर मात्र खुशाल फेअरिंगवाली घ्या.