लाँग पिंपल घेऊन सिनिअर गटात उतरताना

अंडर 19 संपलं की माझ्याकडे टेबल टेनिसच्या सरावाला येणाऱ्या मुली हमखास विचारतात, "ताई, आता बॅकहँडचं पिंपल काढून टाकू का?" लाँग पिंपल म्हणजे बॅटच्या एका बाजूला लावलेलं लांब काट्यांचं रबर. ज्युनिअरमध्ये त्याच पिंपलवर त्यांनी मॅचेस काढलेल्या असतात. सिनिअरमध्ये दोन-तीन स्पर्धा झाल्या की समोरच्या बायका ते ओळखून खेळायला लागतात, आणि मग घरच्यांसकट सगळ्यांना वाटतं की चूक रबराची आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे: काढू नकोस. पण यातच करिअर करायचं असेल तर पुढची दोन वर्षं सराव बदलायची तयारी ठेव.

आधी तुझं रबर काय करतं ते नीट समजून घे. समोरचीने टॉपस्पिन मारला की चेंडू पुढच्या दिशेने गरगरत येतो. गुळगुळीत रबर त्या फिरकीला पकडतं आणि उलटवतं. लाँग पिंपल पकडत नाही. त्याचे लांब, मऊ काटे वाकतात, चेंडू घसरतो आणि स्वतःची फिरकी बरीचशी तशीच घेऊन परत जातो. त्याची दिशा बदलली, फिरकी बदलली नाही, म्हणून समोरचीच्या टेबलावर तो कट होऊन, म्हणजे उलट्या फिरकीने पडतो. म्हणजे तुझ्या चेंडूतली फिरकी तू तयार करत नाहीस, ती तुला समोरची देते. तिने दिलीच नाही तर?

माझं नेमकं तिथेच अडलं. 19व्या वर्षी, एका नॅशनलमध्ये, मी पहिला गेम 11-4 असा घेतला. दुसऱ्या गेमपासून तिने माझ्या बॅकहँडला लांब, फिरकी नसलेली सर्व्हिस टाकायला सुरुवात केली. माझा चेंडू नेटवरून तरंगत जायचा आणि ती फोरहँडने ठोकायची. 3-1ने हरले. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की आमच्या हॉलमध्ये सगळे मला वर्षानुवर्षं टॉपस्पिनच देत होते. डेड, म्हणजे फिरकी नसलेल्या चेंडूवर पिंपल कसं चालवायचं, हे मी कधी शिकलेच नव्हते.

म्हणून पार्टनरला स्पष्ट सांग, अर्धा वेळ डेडच दे. मल्टिबॉलमध्ये, म्हणजे एकामागून एक चेंडू टाकत करायच्या सरावात, मी मुलींना असा क्रम देते: दोन चेंडू कट, एक डेड, चौथा कुठेही. कट चेंडू पिंपलने सरळ पुढे ढकलून मारायचा, कारण तो तुझ्याकडून टॉपस्पिनसारखा जातो. डेड आला की पाय हलवून फोरहँडने घ्यायचा, आणि पाय पोचत नसतील तेव्हाच पिंपलने खाली, लांब, कोपऱ्यात टाकायचा. पहिले तीन महिने हे भयंकर जाईल. हॉलमधल्या लहान मुलींकडूनही हरशील. त्या काळात निवड चाचणी असेल तर ती सोडून दे, असं मी पालकांना आधीच सांगून ठेवते. बऱ्याच जणांना ते पटत नाही, पण मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

दुसरी गोष्ट, बॅट फिरवणं. रॅलीच्या मधे दोन बोटांनी हँडल फिरवून बॅकहँडला गुळगुळीत बाजू आणायची. नियमाने एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या ठळक रंगाची असावी लागते, त्यामुळे समोरचीला रंग दिसतोच, पण विचार करायला वेळ मिळत नाही. टीव्ही बघताना, बसमध्ये, कुठेही बॅट हातात फिरवत राहा.

आपल्या मनिका बत्राच्या मॅचेस बघताना लोक फक्त तिच्या बॅकहँडच्या पिंपलकडे बघतात. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक अंतिम सामन्यात आणि पुन्हा एकेरीच्या उपांत्य फेरीत हरवलं. पिंपलने गती मोडल्यावर ती पुढचा चेंडू फोरहँडने कशी संपवते ते बघ. (त्या सुवर्णपदक विजेत्या संघात आपल्या ठाण्याची मधुरिका पाटकर होती, हे मी प्रत्येक बॅचला सांगतेच.) भारताचीच अयहिका मुखर्जी अँटीस्पिन, म्हणजे फिरकी न पकडणारं रबर वापरते. फेब्रुवारी 2024 मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत तिने तेव्हाच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या, चीनच्या सुन यिंगशाला हरवलं. त्या लढतीत चीनने आपल्याला 3-2ने हरवलं खरं, पण वेगळ्या रबरावर मोठं करिअर होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी ती मॅच दाखवते.

साहित्याबाबत काटेकोर राहा. रबर आयटीटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या) मंजूर यादीत हवं, आणि यादी बदलते, म्हणून नवं घेताना प्रत्येक वेळी तपासायचं. स्पंजसकट जाडी 4 मिलिमीटरच्या आत हवी, स्पंज नसेल तर 2 मिलिमीटरच्या आत. काटे तुटलेले रबर घेऊन कोर्टवर जाऊ नकोस, पंच बॅट नाकारू शकतात. बॅट अपघाताने तुटून निकामी झाल्याशिवाय मॅचच्या मध्यात बदलता येत नाही, तेव्हा दुसरी बॅट तंतोतंत तशीच, आधीपासून खेळून रुळलेली हवी.

आता पोटापाण्याचं. सिनिअर नॅशनलमध्ये राज्यांबरोबर पेट्रोलियम, रेल्वे, रिझर्व्ह बँक अशा संस्थांचे संघ उतरतात, आणि बहुतेकींचं घर त्या नोकरीवर चालतं. भारताची आघाडीची खेळाडू श्रीजा अकुलासुद्धा रिझर्व्ह बँकेत आहे. नोकरी म्हणजे खेळ संपला, असं मानू नकोस. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी लागते, म्हणून जिल्हा पातळीपासूनचा प्रत्येक कागद एका फाइलमध्ये ठेव. हे काम आईबाबांवर ढकलू नकोस.

परदेशी स्पर्धा निवडून खेळ. जागतिक क्रमवारीत गेल्या 12 महिन्यांतले सर्वोत्तम 8 निकाल धरतात, त्यामुळे पंधरा ठिकाणी पहिल्या फेरीत हरून पैसे संपवण्यापेक्षा फीडर, म्हणजे खालच्या पातळीच्या मोजक्या स्पर्धांना ताजी होऊन जाणं बरं. अल्टिमेट टेबल टेनिस या आपल्याकडच्या लीगकडेही लक्ष ठेव. तिथल्या लढतीत पाच मॅचेसपैकी दोन महिला एकेरीच्या असतात, मॅच तीनच गेमची आणि 10-10 झालं की एका पॉइंटवर निकाल. पिंपल समजून घ्यायला समोरचीला वेळच कमी मिळतो, म्हणून तुझ्यासारखी खेळाडू संघाला उपयोगी पडते.

औषधांचं एकदाच सांगते. सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नकोस. काहींमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे ते निषिद्ध आहे. पाळीच्या दिवसांत थकवा फार येत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे आणि प्रशिक्षकांना सांग. पुरुष सर असले तरी सांगायचं. मी लपवत राहिले आणि दोन सीझन अर्ध्या ताकदीने खेळले.

मॅचआधी समोरचीची बॅट बघायला मागणं हा तुझा हक्क आहे. लाजू नकोस, हातात घे, काटे किती लांब आहेत ते बघ. आणि ती तुझी बॅट बघत असेल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे लक्ष दे. तिने पिंपलवर अंगठा फिरवून मान डोलावली, तर पहिल्या दोन सर्व्हिस तुझ्या बॅकहँडला लांब आणि डेड येणार असं धरून उभी राहा. डावा पाय अर्धं पाऊल बाहेर, फोरहँड तयार.