पंप घ्यायच्या आधी बादली लावा

गेल्या पावसाळ्यात नाशिकला गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते, आणि इंदिरानगरात आमच्या तिसऱ्या मजल्यावर नव्याकोऱ्या शॉवरमधून पडणारे थेंब मोजता येत होते. तीन आठवडे बाथरूमचं काम चाललं होतं. जुने लोखंडी पाइप काढले, सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे टाकले, टाइल्स, भिंतीत डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचं ते ठरवणारी मूठ), वर ८ इंची रेन शॉवर. सासूबाईंनी एकदाच अंघोळ केली आणि म्हणाल्या, "जुन्या नळाला निदान धार होती गं."

मिस्त्रींना फोन केला. "ताई, टाकीची उंचीच कमी आहे. प्रेशर पंप टाकून घ्या, जोर येईल."

टाकीची उंची कामाच्या आधीही तेवढीच होती. मग आधी धार का होती? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी बादली घेतली.

तुम्हीही हेच करा. बादलीवर १० लिटरची खूण करा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि घरातला एकेक नळ पूर्ण सोडून वेळ लिहून ठेवा. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला १ मिनिट लागलं. बाथरूमच्या नव्या नळाला २ मिनिटं ४० सेकंद. टाकी तीच, मजला तोच. म्हणजे पाणी वाटेत कुठेतरी अडतंय. सगळेच नळ सारखे मंद असते, तर टाकीकडे बघितलं असतं.

मग गार आणि गरम वेगवेगळं तपासा. फक्त गरम मंद असेल तर दोष गिझरच्या बाजूला: त्याच्या खालचा अँगल कॉक (भिंतीलगतचा छोटा बंद-चालू नळ) अर्धवट उघडा असतो, किंवा तिथल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणाऱ्या झडपेत, कचरा असतो. एकाच नळाला धार नसेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढा. ती हातानेच सुटते. पान्हा लावावा लागलाच तर खाली फडकं घ्या, नाहीतर क्रोमवर ओरखडे. आमच्या बेसिनच्या जाळीत जोडावर गुंडाळायच्या टेफलॉन टेपचे पांढरे धागे आणि पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा कीस निघाला. नवीन काम झाल्यावर जाळ्या काढून सगळे नळ दोन-तीन मिनिटं मोकळे सोडायचे असतात. आमच्याकडे कुणी सोडले नव्हते.

आमचं मात्र गार-गरम दोन्ही मंद होतं, त्यामुळे डायव्हर्टर उघडावा लागला. हे घाबरण्यासारखं काम नाही, पण गच्चीवरचा त्या लाइनचा वाल आधी बंद करा आणि गिझरचं बटणही. नळ सोडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मुठीच्या खाली बारीक स्क्रू असतो, तो अॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) सुटतो. मूठ काढली, चकती काढली, आत पितळी नट. तो सोडवला की अंगठ्याएवढं कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा आतला भाग, बाहेर येतं. बाहेर काढायच्या आधी ते कसं बसलंय याचा फोटो घ्या. खाच उलटी बसली तर गार-गरमची अदलाबदल होते. मोबाइलचा टॉर्च आत मारला, तर पाणी येण्याच्या भोकात हरभऱ्याएवढा सिमेंटचा खडा अडकला होता. चिमट्याने ओढला. वाल जरासा उघडून आतून गढूळ पाणी वाहू दिलं (समोर बादली धरा, आमचे हे चिंब झाले) आणि सगळं परत बसवलं. पुन्हा बादली: १ मिनिट ३५ सेकंद.

बरं झालं, पण स्वयंपाकघराइतकं नाही. उरलेली गोम पाइपात होती, आणि ती मला रविवार कारंज्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन तुकडे शेजारी धरल्यावर कळली. जुना अर्धा इंची लोखंडी पाइप आतून साधारण १६ मिलिमीटर असतो, तर अर्धा इंची सीपीव्हीसी आतून जेमतेम १२. नाव एकच, पण पाण्याला जागा ४० टक्क्यांहून जास्त कमी. मिस्त्रींनी टाकीपासून बाथरूमपर्यंत अर्धा इंचीच ओढला होता. बाहेरच्या भिंतीवरून उतरणारा तेवढा भाग आम्ही पाऊण इंची करून घेतला. टाइल्सना हात लावावा लागला नाही. आता १ मिनिट १० सेकंद. काम काढायच्या आधीच मिस्त्रींना सांगा: गच्चीपासून बाथरूमपर्यंत पाऊण, फक्त शेवटच्या नळाला अर्धा.

धार कधी बरी, कधी गायब असं होत असेल तर हवा अडकते आहे. शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहिलं, टाकी तळाला गेली, की हे हमखास दिसतं. टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून उंच चढून मग खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यावर हवा बसते. तिथे वर तोंड केलेला उघडा पाइप लावून घ्या, टाकीपेक्षा उंच.

आता रेन शॉवर. टाकीतलं पाणी शॉवरच्या ३३ फूट वर असेल तेव्हा कुठे १ बार दाब मिळतो. आमच्याकडे ते अंतर ९ फूट, म्हणजे पाव बारच्या आसपास. मोठ्या चकतीच्या शंभर छिद्रांतून तेवढ्या दाबाने पाणी नुसतं गळतं. आम्ही तो काढून ४ इंची लावला. मोठाच हवा असेल तर पंप लागेल. तो टाकीतून निघणाऱ्या लाइनवर बसवा, आणि गिझर किती बारचा आहे ते आधी वाचा. पालिकेच्या नळाला थेट मोटर लावायची नाही, जप्त होते, आणि शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच.

तो सिमेंटचा खडा मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. मिस्त्रींचे पंधराशे रुपये अजून द्यायचे आहेत, ते न्यायला आले की डबी आधी पुढे करणार.