उन्हाळी मिरची-वांग्याला एक सरी आड पाणी

फाल्गुन सरता सरता कोकणातील विहिरी तळ गाठू लागतात आणि जांभ्याच्या मातीत दिलेले पाणी पाहता पाहता मुरून जाते. अशा वेळी सर्वच सऱ्या भिजवण्याऐवजी एक सरी आड पाणी द्यावे. या पाळीला पहिली, तिसरी, पाचवी सरी भिजवून उरलेल्या सऱ्यांच्या तोंडाशी नारळाचे सोडण (वरची काथ्याची साल) ठेवावे व त्यावर दोन मुठी चिखल थापावा. पुढच्या पाळीला तीच सोडणे उचलून भिजलेल्या सऱ्यांच्या तोंडाशी लावावीत. कोरड्या बाजूची मुळे ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार करतात, ते पानांपर्यंत पोहोचताच पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) काहीशी मिटून पानांतून कमी पाणी उडते आणि ओल्या बाजूची मुळे पाणी पुरवत असल्यामुळे झाड कोमेजत नाही. बाजू आलटून पालटून बदलणे मात्र चुकवू नये, कारण सतत कोरड्या राहिलेल्या मुळांकडून येणारा हा संप्रेरकाचा संदेश हळूहळू क्षीण होतो. सोडण उचलायची आठवण राहत नसेल, तर बांधावर खुणेची काठी रोवावी. वरंब्यावर पातेरा (वाळलेला पालापाचोळा) पसरला तर ओल आणखी टिकते.

नुकत्या लावलेल्या रोपांची मुळे दोन्ही सऱ्यांपर्यंत पोहोचलेली नसतात, म्हणून ती चांगली रुजेपर्यंत ही पद्धत वापरू नये. दुपारी पाने किंचित लवली आणि संध्याकाळी सावरली तर चिंता नाही. परंतु सकाळीच मलूल दिसली, विशेषतः फुलोऱ्यात, तर त्या दिवशी दोन्ही बाजूंना पाणी सोडावे.