टक्कर आवरण्याआधी क्षेत्र शांत हवे

कलिन्याला मुंबई विद्यापीठात एम.एस्सी. करणारे विद्यार्थी माझ्याकडे चौकशीला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की अतिशीत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या, अणूंच्या प्रयोगशाळेत शिरण्यासाठी लेसरविषयी काय वाचावे. आधी मुंबईत रुबिडियमवर आणि नंतर युरोपात डिस्प्रोसियमवर काम केल्यावर माझे उत्तर असे आहे, की लेसर सगळेच शिकतात. तुम्ही चुंबकीय क्षेत्र मोजायला आणि ते स्थिर ठेवायला शिका, कारण चुंबकीय अणूंच्या टकरींवर आपला जो काही ताबा असतो, तो त्या क्षेत्रातूनच येतो.

अणू किती ताकदीचा चुंबक आहे हे त्याचे चुंबकीय परिबल सांगते, आणि ते बोर मॅग्नेटॉन या एककात मोजतात. रुबिडियमच्या अणूचे परिबल फार तर 1 बोर मॅग्नेटॉन असते. क्रोमियमचे 6, अर्बियमचे 7 आणि डिस्प्रोसियमचे जवळपास 10. त्यामुळे रुबिडियमचे अणू अगदी निकट आल्यावरच एकमेकांवर परिणाम करतात, तर डिस्प्रोसियमचे अणू दुरूनही करतात, आणि तो परिणाम दिशेवर अवलंबून असतो. क्षेत्राच्या दिशेत एकामागे एक असलेले अणू एकमेकांना ओढतात, शेजारी शेजारी असलेले ढकलतात. म्हणजे नुसती क्षेत्राची दिशा फिरवली तरी अणूंच्या ढगाचे वागणे बदलते.

क्षेत्राची तीव्रता बदलली, तर आणखी एक गोष्ट हाती येते, ती म्हणजे फेशबाख अनुस्पंदन. दोन मोकळ्या अणूंचे आणि त्यांच्यापासून बनू शकणाऱ्या रेणूचे चुंबकीय परिबल वेगळे असल्यामुळे दोघांच्या ऊर्जा क्षेत्राबरोबर वेगवेगळ्या दराने सरकतात. त्या जिथे जुळतात, तिथे प्रकीर्णन लांबी (टकरीत अणू एकमेकांवर किती परिणाम करतात याचे माप) प्रचंड वाढते आणि तिचे चिन्हही उलटते. 1998 मध्ये एमआयटीतील केटर्ले यांच्या गटाने सोडियमच्या बोस-आइन्स्टाइन संघननात, म्हणजे बहुतेक अणू एकाच क्वांटम अवस्थेत गेलेल्या अतिशीत ढगात, हे दाखवले. सोडियममध्ये अशी अनुस्पंदने एकमेकांपासून दूर दूर आहेत, पण ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या गटाने 2014 मध्ये अर्बियममध्ये 0 ते 70 गॉसदरम्यान (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) जवळपास 190 अनुस्पंदने मोजली आणि त्यांच्या आपसांतील अंतरांत क्वांटम गोंधळाच्या खुणा ओळखल्या. डिस्प्रोसियममध्येही अशीच दाटी आहे, आणि नवख्याची परीक्षा इथेच असते: त्यातली पुष्कळ अनुस्पंदने जेमतेम काही मिलिगॉस रुंद असतात, तर मुंबईत पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रच सुमारे 400 मिलिगॉस आहे. शिवाय क्षेत्र एका मूल्यावरून दुसऱ्यावर नेताना वाटेतली अनुस्पंदने ओलांडावी लागतात; तिथे रेंगाळलात, तर तीन-तीन अणूंच्या टकरी होऊन ढग विरळ होतो.

डिस्प्रोसियमच्या प्रयोगशाळेतील पहिल्याच हिवाळ्यात माझे अणू सापळ्यात दिवसा कमी भरत आणि रात्री नीट भरत. दोन आठवडे मी लेसरची वारंवारता, आरसे आणि निर्वात तपासत राहिले. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, "क्षेत्र आज किती आहे, हे अणूंना विचारलेस का?" विचारण्याची रीत अशी: चुंबकीय क्षेत्रात अणूची ऊर्जा ज्या पायऱ्यांत विभागली जाते, त्या झीमन पातळ्या; बोसॉनिक (सम वस्तुमानांकाच्या) डिस्प्रोसियमच्या शेजारच्या पातळ्यांतील अंतर दर गॉसला 1.74 मेगाहर्ट्झने वाढते, म्हणून रेडिओ लहरींची वारंवारता हळूहळू बदलत न्यायची आणि कुठे अणू गळतात ते पाहायचे. मोजले तेव्हा दिवसा क्षेत्र काही मिलिगॉस सरकलेले निघाले आणि आम्ही नेमके एका अरुंद अनुस्पंदनाच्या काठावर उभे होतो. कारण होते भिंतीपलीकडच्या लिफ्टचे लोखंड. त्या दिवसापासून सकाळचे पहिले मोजमाप क्षेत्राचेच घ्यायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा गुणगुणाटही याच रीतीने पकडता येतो. प्रयोगाचा प्रत्येक फेरा विजेच्या लाटेच्या त्याच बिंदूवर सुरू केला की पुष्कळ फरक पडतो.

या मोजणीत अणू का गळतात, हे समजून घेतले पाहिजे. सर्वांत खालच्या झीमन पातळीवरून अणू वर गेला, की पुढच्या टकरीत तो पुन्हा खाली घसरतो आणि 1 गॉसच्या क्षेत्रात, तापमानाच्या भाषेत सांगायचे तर, सुमारे 83 मायक्रोकेल्विनइतकी ऊर्जा मोकळी होते. संघननाचे तापमान नॅनोकेल्विनमध्ये असते, त्यामुळे असे अणू सापळ्यात टिकत नाहीत. चुंबकीय सापळा तर वरच्या पातळ्यांवरचे अणूच धरतो, म्हणूनच डिस्प्रोसियम चुंबकीय सापळ्याऐवजी प्रकाशाच्या सापळ्यात आणि सर्वांत खालच्या पातळीवर ठेवतात.

मुंबईत राहून याची तयारी करता येते. पदवीच्या वर्षांत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एनआययूएस कार्यक्रम आणि उन्हाळ्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा विद्यार्थी संशोधन कार्यक्रम, या दोन्हींसाठी अर्ज करावा, पीएच.डी.साठी जेस्ट ही अनेक संस्थांची सामाईक परीक्षा किंवा टाटा संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी. 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाचे संवेदनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे, आणि सूक्ष्म क्षेत्र मोजू शकणाऱ्या माणसाची तिथे गरज भासणारच, असे मला वाटते.

मुलाखतीला जाण्याआधी तांब्याच्या तारेची एक जोड-कॉइल (समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल) स्वतः गुंडाळा, तिच्या मध्यबिंदूचे क्षेत्र कागदावर काढा, मग ते मोजा आणि दोन आकड्यांतील फरकाचे कारण शोधा. माझ्या मुलाखतीतले अर्धे प्रश्न त्या फरकावरच होते. पुढे मोठ्या कॉइल हाताळाल, तेव्हा त्यांत शेकडो अँपिअरचा प्रवाह असेल आणि त्या थंड ठेवण्यासाठी पोकळ तारेतून पाणी फिरत असेल. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास जातो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी ते पाणी 18 अंशांवर ठेवले आणि वातानुकूलन बंद पडलेल्या एका रात्रीत नळ्यांना घाम फुटून थेंब वीजपुरवठ्याच्या पेटीवर टपकत राहिले. पाणी दवबिंदूच्या दोन अंश वर ठेवा आणि नळ्यांखाली वीजपुरवठा कधीच ठेवू नका.